पांढरी जाळी, काळे डाग: मावळातल्या एका फुलशेतीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मावळ तालुक्यात पवना खोऱ्यात एका जोडप्याची दीडेक एकर शेती आहे. ओळख लपवण्यासाठी गावाचं नाव दिलेलं नाही, काही तपशीलही बदलले आहेत. आजूबाजूला डच गुलाबाची पॉलिहाउसं आहेत आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्या सगळ्यांचं लक्ष व्हॅलेंटाइनच्या मालाकडे असतं. या जोडप्याने पॉलिहाउसच्या कर्जाच्या वाटेला जायचं टाळलं. उघड्यावरची ॲस्टर, शेवंती आणि थोडी गुलछडी एवढंच त्यांचं पीक. शेत ताई बघतात आणि माल घेऊन पुण्याला गुलटेकडीच्या फुलबाजारात भाऊ जातात. मंडप सजवणारे आणि बुके बांधणारे काही ठरलेले ग्राहक त्यांच्याकडून थेट माल घेतात.

त्यांच्यातल्याच एका सजावटवाल्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. परदेशातल्या लग्नाचा मांडव, आणि गुलाबांच्या मधून वर आलेल्या पांढऱ्या छत्र्या, लेस विणावी तशा नाजूक. "जिप्सी सगळेच देतात. हे आणून द्या, मी घेतो," असं तो म्हणाला. जिप्सी म्हणजे बुकेत भरायला वापरतात ती बारीक पांढरी फुलं. फुलाचं नाव ॲमी मेजस. मूळचं भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशातलं आणि नाईलच्या खोऱ्यातलं. कोथिंबीर, शेपू, ओवा, बडीशेप, गाजर यांच्या कुळातलं हे हंगामी झाड कंबरेएवढं, कधी छातीपर्यंत वाढतं आणि एकदा फुलून बी धरलं की संपतं.

बी मागवताना पहिला घोळ होता होता टळला. 'क्वीन ॲन्स लेस' या नावाखाली दोन वेगळ्या वनस्पतींचं बी विकलं जातं. एक ही ॲमी, दुसरं रानगाजर. रानगाजर बहुधा पहिल्या वर्षी नुसता पाला देतं आणि फुलायला दुसरं वर्ष लावतं. ताईंच्या भाच्याने पाकिटावरचं शास्त्रीय नाव वाचून घेतलं म्हणून वर्ष वाचलं.

लागवड

पाच-सहा गुंठ्यांचा तुकडा या फुलाला दिला. पहिली पेरणी गणपती उठल्यावर लगेच केली. माती अजून उबदार होती, त्यात परतीचा पाऊस. उगवण इतकी विरळ आली की वाफे रिकामेच दिसत होते. हे बी थंडीत उगवणारं आहे. मातीचं तापमान पंधरा ते वीस अंशांच्या आसपास उतरलं की ते नीट हलतं, आणि मावळात ते दिवाळीच्या सुमाराला होतं. कोजागिरीनंतर उरलेलं बी ओलसर कोकोपीटमध्ये कालवून डब्यात भरलं आणि दोनेक आठवडे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवलं. दिवाळीत ते थेट गादीवाफ्यावर पेरलं. या कुळाला लांब सोटमूळ असतं, उशिरा उपटून लावलेलं रोप चिडतं, म्हणून ट्रेच्या भानगडीत पडले नाहीत. वरून जेमतेम अर्धा सेंटिमीटर माती. या वेळी वाफे भरले. मग विरळणी करून रोपांत वीतभर अंतर ठेवलं.

एका कोपऱ्यातल्या वाफ्याला शेजारच्या ॲस्टरबरोबर युरिया जास्त गेला. तिथली झाडं रसरशीत हिरवी, उंच आणि लुळी झाली. बाकीच्या वाफ्यांवर कार्नेशनला लावतात तसली आधाराची जाळी आधीच बांधली होती, म्हणून ती सरळ राहिली. फुलं येण्याच्या सुमारास तुऱ्यांवर मावा दिसला. निंबोळी अर्क आणि साबणाचं पाणी फवारलं, पण खरं काम ढालकिड्यांनी केलं. या कुळातली फुलं अशा मित्रकीटकांना बोलावतातच. भाजीच्या कडेने कोथिंबीर फुलू देणारे शेतकरी त्याचसाठी देतात.

निंदणीच्या वेळी एक गंमत झाली. पहिल्याच दिवशी रोजंदारीवर येणाऱ्या मावशी विळा घेऊन वाफ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, सगळं गाजरगवतच उगावलंय की! उपटून टाकू का?" कातरलेली पानं, पांढरी फुलं येणार म्हणून सांगितलेलं, त्यांची समजूत अगदीच चुकीची नव्हती. सगळे हसले. पण गाजरगवत हा शब्द त्या दिवशी या पिकाला चिकटला आणि पुढे त्याने बराच वेळ खाल्ला.

अडचण

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तुरे उमलले. सजावटवाल्याला एका मोठ्या लग्नासाठी माल हवा होता. मावशी, त्यांची धाकटी जाऊ आणि शेजारच्या वाडीवरचा एक मुलगा असे तिघे कापणीला होते. सकाळी नऊच्या सुमाराला सुरुवात केली ती दुपारी एकपर्यंत. दांडा कापायचा, खालची पानं हाताने ओरबाडून काढायची, कापलेले दांडे डाव्या हातावर घेत जायचे, हात भरला की तो भारा कंबरेला टेकवून शेडकडे न्यायचा. उन्हं कडक होती, तिघेही घामाघूम.

त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकटीला डाव्या हातावर आणि कंबरेवर चटका बसल्यासारखं वाटू लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हातावर लालभडक पट्टे होते. ब्लाऊज आणि नेसूच्या मध्ये कंबरेचा जो भाग उघडा राहतो तिथे टपोरे फोड आले होते. मावशींना मनगटाच्या वर आणि मानेवर, जिथे घाम पुसला होता तिथे. मुलाला दोन्ही हातांवर, फुल बाहीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या होत्या तिथपर्यंत, अगदी रेघ मारल्यासारखं.

घरी निदान झालंच होतं: नागीण. कंबरेवर फोडांची ओळ उठली की गावात दुसरं काही सुचत नाही. धाकटीच्या सासूने गेरू लावला, उतारा टाकणाऱ्याकडे न्यायचं ठरवलं. ताईंना मात्र वाटलं की बांधावरच्या गाजरगवताची ॲलर्जी असणार. भाऊंना धास्ती वाटली फवारणीची. तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरांनी खाज थांबवायच्या गोळ्या आणि मलम दिलं. गोळ्यांनी झोप आली, आग कमी झाली नाही.

आणि सजावटवाल्याचा दुसरा फेरा दुसऱ्याच दिवशी होता.

पहिला निर्णय: थांबायचं की कापायचं

इथे ताई-भाऊंनी जे केलं ते समजण्यासारखं आहे, पण मला ते पटत नाही. लग्नाची तारीख पुढे सरकत नाही आणि तयार तुरा दोन दिवसांत उलटतो. तेव्हा कापणी करायची, पण हातमोजे घालून, असं ठरलं. पॉलिहाउसमध्ये गुलाब कापायला वापरतात ते सुती हातमोजे घरात होते. धाकटी आली नाही. मावशी आणि मुलगा आले. पुन्हा तेच ऊन, तीच वेळ.

सुती मोजा काट्यापासून वाचवतो, रसापासून नाही. कापडाने रस शोषला आणि तासन्‌तास कातडीला धरून ठेवला. दोन दिवसांनी मावशींच्या दोन्ही तळहातांच्या पाठीवर फोड आले, जिथे आधी काहीच नव्हतं. माल गेला, पैसे आले. मावशींनी मात्र कामावर यायचं बंद केलं.

त्या वेळी कारण कुणालाच माहीत नव्हतं, हे खरं. पण तीन माणसांना एकाच कामानंतर, एकाच वेळी, एकसारखा त्रास होतो, तेव्हा कारण सापडेपर्यंत ते काम थांबवायला कारण माहीत असावं लागत नाही.

कारणाचा शोध

पुढचं काम भाच्याने केलं आणि ते कौतुक करण्यासारखं आहे. तो कृषी पदविकेला आहे. त्याने वहीत आठवडाभराचं कोण, कुठे, कुठल्या वेळी काय करत होतं ते लिहून काढलं आणि एकेक संशय बाजूला करत गेला.

नागीण पहिल्यांदा गळाली. ती शरीराच्या एका बाजूला, एका नसेच्या वाटेने उठते. तिघांना एका दिवशी, तीही दोन्ही हातांवर, उठत नाही.

फवारणी त्यानंतर. पंप पाठीवर घेऊन फिरलेले भाऊ होते आणि त्यांना काहीही झालं नव्हतं. फवारणीनंतर कापणीपर्यंत आठवडाही उलटला होता.

गाजरगवत बाजूला करणं जास्त अवघड होतं, कारण ही ॲलर्जी खरी असते आणि पुणे जिल्ह्यात ती नवी नाही. 1950 च्या दशकात हे तण पुण्यात दिसलं आणि मग देशभर पसरलं. पण गाजरगवताची ॲलर्जी ज्याला असते त्यालाच होते, बाकीच्यांना होत नाही. ती खाजते. पापण्या, मान, कोपराच्या आणि गुडघ्याच्या वळ्या अशा ठिकाणी ती येते, आणि वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा येते. इथे खाज नव्हती, आग होती. पापण्या स्वच्छ होत्या. मुख्य म्हणजे ही तिन्ही माणसं जन्मभर गाजरगवतात वावरली होती.

मग भाच्याच्या लक्षात आलं ते शेडमधल्या आजींचं. आलेले दांडे सारखे कापून जुड्या बांधायचं काम त्या करत होत्या. तिघांपेक्षा जास्त रस त्यांच्या हाताला लागला असेल. पण त्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून होत्या, आणि जेवायच्या आधी साबणाने हात धुवायची त्यांची सवय कडक. त्यांना काही नाही. दुसरीकडे, त्याच आठवड्यात कापणी न करता बाजूच्या वाफ्यांत भर उन्हात निंदणी करणाऱ्या दोघी होत्या. ऊन तेवढंच, पण ॲमीचा एकही दांडा कापला नाही. त्यांनाही काही नाही.

रस लागला पण ऊन नाही, तिथे त्रास नाही. ऊन लागलं पण रस नाही, तिथेही नाही. दोन्ही मिळून लागलं त्यांनाच फोड.

ही नोंद घेऊन ते पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी धाकटीच्या हातावरचे पट्टे बघून विचारलं की काय कापत होता आणि उन्हात होता का. निदान तिथेच झालं. ॲमीच्या रसात सोरालेन गटातली रसायनं असतात. ती कातडीत मुरतात आणि सूर्यप्रकाशातल्या अतिनील-अ किरणांनी जागी होऊन पेशी जाळतात. याला ॲलर्जी लागत नाही, पुरेसा रस आणि पुरेसं ऊन मिळालं की कोणाचीही कातडी भाजते. रस लागून अर्ध्या तासापासून दोनेक तासांपर्यंतचं ऊन सर्वांत वाईट. ओली, घामेजलेली कातडी रस जास्त ओढते. परिणाम दिसायला दिवसभर लागतो आणि दोन-तीन दिवसांनी तो कळसाला जातो, म्हणून कामाचा आणि त्रासाचा संबंध चटकन जुळत नाही.

या रसायनाची दुसरी बाजू मोठी आहे. प्राचीन इजिप्तमध्ये हीच वनस्पती कोडावर वापरत. 1940 च्या दशकात इजिप्तमधल्या संशोधकांनी तिच्या बियांतून हा घटक वेगळा केला आणि कोडाच्या रुग्णांवर वापरून पाहिला. 1974 मध्ये त्याच घटकाच्या गोळ्या आणि अतिनील-अ किरण यांची जोड सोरायसिसवर वापरल्याचं अमेरिकेतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं, आणि ती उपचारपद्धती जगभर गेली. आपल्याकडे कोडावर बावची देतात, तिच्यातही सोरालेन आहे. हे ऐकल्यावर मावशींच्या सासूबाई म्हणाल्या, "बावची लावून उन्हात बसू नये, फोड येतात, हे आम्हाला ठाऊक हाय." गावात ज्ञान होतं. फक्त या फुलाचा आणि बावचीचा संबंध कुणी जोडला नव्हता.

पर्याय

तुरे अजून निम्मे उभे होते. भाऊंचं पहिलं म्हणणं होतं रोटाव्हेटर फिरवून मोकळं व्हायचं. पण रोटाव्हेटरने उडणारा चुरा आणि रस ही वेगळी जोखीम होती, आणि घातलेला खर्च अजून निघाला नव्हता. ग्राहक तर आणखी मागत होता.

दुसरा पर्याय कापणी अंधारात करण्याचा. ऊनच नसेल तर रस काय करणार? कागदावर हा सर्वांत चांगला. मावळात नाही. पहाटे पाचला विजेरी घेऊन कंबरेएवढ्या पिकात वाकायला एकही बाई तयार नव्हती, कारण त्या हिवाळ्यात ओढ्याकडच्या बाजूला बिबट्याचे ठसे दिसले होते. सूर्य बुडाल्यावर कापायचं तर तीच भीती, शिवाय दिवसभर तापलेला दांडा पाणी नीट ओढत नाही आणि सकाळपर्यंत माना टाकतो.

तिसरा पर्याय पूर्ण झाकून घेण्याचा. रबरी किंवा नायट्राइलचे लांब हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट साडीवरून, प्लास्टिकचा एप्रन. फेब्रुवारीच्या दुपारी हे सगळं घालून चार तास काम करणं म्हणजे दुसरी शिक्षा. आणि उकडलं की माणूस मोजा काढून घाम पुसतोच.

चौथा पर्याय ॲमी सोडून धन्याची फुलं द्यायची, म्हणजे कोथिंबीर वर जाऊ द्यायची. भाऊंनी दोन जुड्या नेऊनही पाहिल्या. सजावटवाला हसला. दांडा तोकडा, बुकेला धन्याचा वास, आणि संध्याकाळपर्यंत पाकळ्या टेबलावर.

काय केलं

शेवटी दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायाची सांगड घातली. फेब्रुवारीत तिकडे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. फटफटलं की, साधारण साडेसहाला, सगळे मिळून शेतात शिरायचं, म्हणजे बिबट्याची भीती नाही. आठच्या आत कापणी बंद, कितीही माल उरला तरी. या वेळेत गारवा असतो, त्यामुळे लांब मोजे आणि पूर्ण बाह्या सुसह्य होतात. पण दव असतं, ओल्या दांड्याचा रस जास्त पसरतो, म्हणून एप्रन सक्तीचा. शेतात पान ओरबाडायचं नाही. दांडा फक्त कापायचा आणि हातावर न घेता पाण्याच्या बादलीत टाकायचा. बादली दोघांनी कडीला धरून न्यायची. पानं काढणं, जुड्या बांधणं शेडमध्ये. आठ वाजता साबणाने हात, मान, कंबर धुवायची आणि कपडे बदलायचे. धुवायची जागा शेडमध्येच केली. आधी ती विहिरीवर होती, म्हणजे रस लागलेल्या हातांनी उन्हातून चालत जावं लागे.

भारा कंबरेला टेकवायचा नाही, हा नियम पाळायला सर्वांत अवघड गेला. लहानपणापासूनची सवय ती. बादली आल्यावर प्रश्नच मिटला.

तुरा कधी कापायचा हेही याच वेळी बसवलं. आधीच्या घाईत अर्धवट उमललेले तुरे गेले होते आणि मंडपात दुपारपर्यंत त्यांनी माना खाली घातल्या होत्या. आता तुऱ्यातली बहुतेक बारकी फुलं, दहातली आठ, उमलल्याशिवाय कापायचं नाही. असा दांडा फुलदाणीत आठवडाभर टिकतो.

दोन निर्णयांवर घरात भांडणं झाली. पहिलं पैशांचं. मावशी, धाकटी आणि मुलगा यांचा डॉक्टरचा खर्च आणि बुडालेली मजुरी द्यायची का? भाऊंचं म्हणणं, आपल्यालाही माहीत नव्हतं. ताईंचं म्हणणं, पहिल्या वेळी नव्हतं, दुसऱ्या वेळी सुती मोजे देऊन आपणच पाठवलं. शेवटी तिघांनाही दिलं. माझ्या मते वाद व्हायचंच कारण नव्हतं.

दुसरं भांडण ग्राहकाला सांगायचं की नाही यावर. मंडपवाल्यांची मुलं उघड्या मैदानावर, भर दुपारी, हेच दांडे छाटतात. सांगितलं तर ग्राहक जाईल. नाही सांगितलं तर तीच तीन माणसं दुसऱ्या गावात, वेगळ्या नावांनी. ताईंनी प्रत्येक जुडीला मराठी-हिंदीत छापलेली चिठ्ठी बांधली: रस अंगाला लागू देऊ नका, लागला तर लगेच साबणाने धुवा, उन्हात जाऊ नका. एका बुकेवाल्याने त्यानंतर माल घेणं बंद केलं. मूळ सजावटवाल्याने आपल्या मुलांना हातमोजे घेऊन दिले आणि भाव थोडा पाडून मागितला. तो मिळालाही.

मार्चमध्ये पीक संपवताना आणखी एक प्रसंग आला. उरलेली हिरवी ताटं मुलाच्या आईने शेळ्यांसाठी मागितली. गाजराचा पाला शेळ्या आवडीने खातात, मग हा का नको? पण ॲमी खाल्लेल्या गुराढोरांना, मेंढ्यांना, बदकांनाही उन्हात असाच त्रास झाल्याच्या नोंदी इतर देशांत आहेत. कातडी जिथे उघडी आणि फिकी असते, थोबाड, कान, सड, तिथे भाजतं. बियांमध्ये तर हा घटक सर्वांत जास्त. ताटं दिली नाहीत. त्यांना वाईट वाटलं, आणि फुकट जाणाऱ्या चाऱ्यावरून गावात दोन-चार शब्दही झाले. बी पक्व होण्याआधी सगळं मुळासकट काढून खड्ड्यात पुरलं. जाळलं नाही.

काय हाती आलं

नवीन पद्धतीने हंगाम संपेपर्यंत कापणी झाली आणि कोणालाही नवा फोड आला नाही. रोजचा माल मात्र निम्म्याच्या खाली आला, कारण दीड तासात जेवढं कापून होईल तेवढंच. जिप्सीपेक्षा भाव बरा मिळाला, पण मजुरी, मोजे, बुडालेला ग्राहक आणि डॉक्टरचे पैसे धरले तर पहिल्या वर्षी हातात फारसं उरलं नाही.

फोड पंधरवड्यात सुकले. डाग राहिले. मावशींच्या मानेवरचा तपकिरी ओघळ आषाढातही दिसत होता. धाकटीला कुणीतरी डाग जायला लिंबू चोळायला सांगितलं. सुदैवाने तिने आधी ताईंना विचारलं. लिंबाच्या सालीच्या रसातही याच गटातली रसायनं असतात, ते लावून उन्हात गेली असती तर सगळं पहिल्यापासून सुरू झालं असतं. या डागांना ऊन टाळणं आणि वाट बघणं हाच उपाय डॉक्टरांनी सांगितला होता.

एवढी काळजी घेऊनही थोडं बी गळालंच होतं. पावसाळा संपता संपता वाफ्यांच्या कडेने रोपं उगवली आणि या वेळी ती गाजरगवत नाहीत हे मावशींनीच ओळखून सांगितलं. कामावर त्या परत आल्या होत्या, पण अटीवर: मोजे आधी हातात, मग विळा. धाकटी आली नाही. ती आता पॉलिहाउसमध्ये गुलाब कापते.

वेगळं काय करता आलं असतं

बियांच्या पाकिटावर पेरणीची खोली, अंतर, उंची, फुलण्याचा काळ सगळं छापलेलं होतं. रसाबद्दल एक अक्षर नव्हतं. नवीन फूल लावताना आपण उगवण आणि बाजारभाव विचारतो. कापणाऱ्या हाताला काय होईल हे विचारायची पद्धतच नाही. कोथिंबिरीच्या कुळातलं उंच, शोभेचं झाड असेल तर तो प्रश्न आधी विचारावा, कारण सोरालेन गटातली रसायनं या कुळात बऱ्याच ठिकाणी आहेत.

पहिल्या वर्षी पाच-सहा गुंठे लावायला नको होते. एक वाफा पुरला असता. त्यात उगवणीचा, युरियाचा, कापायच्या वेळेचा अंदाज आला असता, आणि फोड आले असते तर घरातल्या माणसाच्या हातावर, रोजंदारीवर आलेल्या बाईच्या कंबरेवर नाही.

भाच्याची वही पहिल्या फोडाच्या दिवशी उघडली असती तर दुसरी कापणी टळली असती, असं ताई म्हणतात. मला तेवढी खात्री नाही. वहीतल्या नोंदी दोन दिवसांत जुळल्या त्या दुसऱ्या कापणीनंतरच्या फोडांमुळेही. पण शेडमधल्या आजी पहिल्या दिवसापासून तिथेच बसल्या होत्या. ज्याला त्रास झाला त्याच्याकडेच सगळे बघत राहिले, ज्याला झाला नाही त्याला कुणी विचारलं नाही.

तालुक्याच्या डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे. त्यांना 'शेतात काम करताना झालं' एवढंच सांगितलं होतं. कुठलं झाड, रस लागला का, ऊन होतं का, यातलं काही सांगितलं नाही. कापलेला एक दांडा पिशवीत घालून, प्लास्टिकच्याच, सोबत नेला असता तर कदाचित तिथेच उलगडा झाला असता.

यंदा त्यांनी दोन गुंठेच लावलं आहे, तेही दोन टप्प्यांत, दिवाळीला अर्धं आणि तीन आठवड्यांनी उरलेलं, म्हणजे रोज दीड तासात कापून होईल एवढेच तुरे एका वेळी तयार होतील. शेडच्या नळाला दुसरी तोटी बसवली आहे. सजावटवाल्याने चिठ्ठीवर चित्रही टाका म्हणून सांगितलं आहे, त्याच्याकडची निम्मी मुलं बिहार-बंगालची आहेत आणि त्यांतल्या कित्येकांना वाचता येत नाही. चित्र काढायचं काम भाच्याकडे आहे आणि ते अजून झालेलं नाही.